ब्राह्मीची परीक्षा

लखनौशी महाराष्ट्राची ओळख झाली ती संगीतातून. १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे संगीतविद्यालय उभे राहिले, आणि तेव्हापासून मराठी घरात लखनौचे नाव निघाले की त्यापाठोपाठ भातखंड्यांचे नाव निघते. नोकरीच्या निमित्ताने त्या शहरात काही काळ राहण्याचा योग आल्यामुळे तेथील आणखी एका संस्थेविषयी मला कुतूहल वाटू लागले. गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा एक नबाबी राजवाडा आहे. गाझीउद्दीन हैदरच्या कारकीर्दीत त्याचे बांधकाम सुरू झाले आणि नसीरुद्दीन हैदरच्या काळात ते पुरे झाले. घुमटावर छत्री, म्हणून छत्तर मंझिल. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते याच राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्‌घाटन झाले. जेथे एके काळी अत्तरांचा दरवळ असे, तेथे पुढील अनेक वर्षे रसायनांचा वास येत राहिला. आता ही संस्था शहराच्या उत्तरेस, जानकीपुरम विस्तारातील नव्या वास्तूत आहे.

या संस्थेतील एका संशोधकाच्या कामाविषयी आज बोलावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. हेमंत सिंग. औषधक्रियाशास्त्र हा त्यांचा विषय. म्हणजे औषध शरीरात गेल्यावर नेमके काय करते, हे प्रयोगाने पाहण्याचे शास्त्र. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरे आहे काय, या एका प्रश्नाभोवती सिंग यांचे संशोधन वर्षानुवर्षे फिरत राहिले. त्यांचा या विषयावरचा महत्त्वाचा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला, आणि २०१३ सालीही ते याच वनस्पतीवर लिहीत होते. तीस वर्षांहून अधिक काळ एकाच पाल्याचा पिच्छा पुरवणारा माणूस विरळाच म्हणावा लागेल.

परंतु पाल्याकडे वळण्याआधी ज्या रोगामुळे या कामाला आज एवढे महत्त्व आले आहे, त्या रोगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची तपासणी करणारे डॉक्टर होते अलोइस अल्झायमर. ती जेवत असता, आपण काय खात आहात, असे त्यांनी तिला विचारले. ताटात डुकराचे मांस व फुलकोबी होती. तिने उत्तर दिले, पालक. स्वतःचे नाव लिहावयास बसली तरी ते पुरे होईना. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याच्या पातळ चकत्यांना चांदीच्या क्षाराने रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे साके बसलेले होते, आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगन येथील सभेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! क्रेपेलिन यांनी १९१० साली आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. ते साके म्हणजे ॲमिलॉइड नावाचे प्रथिन आणि तो गुंता म्हणजे टाऊ नावाचे प्रथिन, हे उमगावयास १९८०चे दशक उजाडावे लागले.

म्हातारपणी सर्वांनाच विसर पडतो. दुधाचे पातेले चुलीवर ठेवून माणूस देवळात निघून गेला, तर ते विस्मरण. पण चाळीस वर्षे चहा करणाऱ्या गृहिणीला आधी पाणी की आधी साखर हा क्रमच सापडेनासा झाला, ओळखीच्या गल्लीत स्वतःचे घर सापडेनासे झाले, तर तेथे रोगाची शंका घ्यावी. या रोगात आधी नुकत्या घडलेल्या गोष्टी जातात. कालचे पाहुणे गेले, सकाळचे जेवण गेले. परंतु माहेरच्या विहिरीचा रहाट मात्र जागच्या जागी असतो. म्हणूनच घरच्यांची फसगत होते. "आईची स्मरणशक्ती अजून किती छान आहे! पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे सांगते," असे कौतुकाने सांगितले जाते, आणि त्या कौतुकात एक-दोन वर्षे निघून जातात.

आता ब्राह्मी. मराठी श्रोत्याला येथे सावध करणे आवश्यक आहे, कारण ब्राह्मी या नावाखाली आपल्याकडे दोन निरनिराळ्या वनस्पती वावरतात. एकीची पाने गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, जमिनीसरपट पसरणारी. ही मंडूकपर्णी. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी हिलाच ब्राह्मी म्हणतात. दुसरी पाणथळ जागी, ओढ्याच्या किंवा भातखाचराच्या कडेला वाढते. तिची पाने लहान, लांबट व मांसल असतात आणि फुले पांढरी किंवा फिकट जांभळी असतात. हिला आपण नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतो. उत्तरेत ब्राह्मी म्हणून मान्य आहे ती ही दुसरी, आणि लखनौला अभ्यास झाला तो हिचाच. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव बाकोपा मोनिएरी. चरकाने मेध्य रसायने म्हणून जी चार नावे सांगितली, ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी अशी आहेत. ब्राह्मी त्या चौघांत नाही. ती भेटते अपस्माराच्या प्रकरणात, ब्राह्मीघृताच्या रूपाने. एवढ्यावरून वैद्यांत वाद घालता येईल व तो घातला गेलाही आहे. पण प्रयोगशाळेला वादापेक्षा निश्चित ओळख पटलेली वनस्पती हवी असते. दुकानात "ब्राह्मी द्या" एवढेच म्हणणाऱ्या माणसाने लखनौच्या निष्कर्षांचा दाखला देण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या पुडीत कदाचित दुसरेच झाड असेल.

काम सुरू झाले ते रसायनशास्त्रज्ञांकडून. १९६३ व १९६५ साली या संस्थेतील चटर्जी, रस्तोगी आणि धर यांनी नीरब्राह्मीतून काही घटक वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यांना बॅकोसाइड हे नाव दिले. हे घटक सॅपोनिन वर्गातील आहेत. रिठा पाण्यात चोळला की जो फेस येतो, तो अशाच वर्गातील द्रव्यांमुळे. एका अर्थाने न्हाणीघरातला रिठा आणि बुद्धिवर्धक ब्राह्मी ही रसायनांच्या घराण्यात दूरची नातलग ठरतात.

द्रव्य हाती आले. पण त्याने स्मरण वाढते की नाही, हे ठरवायचे कसे? माणसाला एकदम औषध देता येत नाही. उंदराला द्यावे, तर त्याला आठवते की नाही हे त्याला विचारणार कसे? सिंग आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी डॉ. बी. एन. धवन यांच्या कामातील मला सर्वांत मनोवेधक वाटलेला भाग येथे आहे. त्यांनी पांढऱ्या उंदरांना तीन प्रकारचे धडे शिकवले. एका धड्यात उंदरापुढे एक उजेडाची व एक अंधाराची अशा दोन वाटा असत, आणि पायाखालच्या जाळीतून विजेचा सौम्य धक्का बसे. ठराविक वाटेने गेला तरच त्याची सुटका. दुसऱ्या धड्यात इशारा मिळताच पळून जावयाचे असे. तिसऱ्यात धक्का टाळण्यासाठी एक कृती पुनःपुन्हा करीत राहावे लागे.

तीन धडे का, एकच का नको, असे कोणी विचारील. समजा, औषध घेतलेला उंदीर लवकर पळाला. तो लक्षात राहिले म्हणून पळाला, की औषधाने त्याच्या अंगात नुसती चपळाई आली म्हणून? की भीती वाढली म्हणून? एका परीक्षेवरून हे उमगत नाही. प्रकार निरनिराळे ठेवले आणि तरीही निष्कर्ष एकाच दिशेने जाऊ लागला, तरच तो स्मृतीविषयी आहे असे काहीशा धीराने म्हणता येते. आणखी एक बारकावा. स्मरण ही एक गोष्ट नव्हे. धडा शिकणे वेगळे, शिकलेला धडा मुरणे वेगळे, आणि मुरलेला टिकणे वेगळे. आपल्याकडील पाठशाळांत संथा, आवृत्ती आणि धारणा हे जे शब्द वापरात होते, त्यांत हा भेद आधीच ओळखलेला दिसतो. सिंग व धवन यांनी या अवस्था वेगवेगळ्या तपासल्या. ब्राह्मीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क दिलेले उंदीर अधिक चांगले शिकले, शिकलेले त्यांच्या अधिक ध्यानात राहिले, आणि पुढे धक्का देणे बंद केल्यावरही त्यांनी तो धडा उशिरा टाकला. हा १९८२ सालचा निबंध. १९८८ साली सिंग, रस्तोगी, श्रीमल व धवन यांनी पुढचे पाऊल टाकले: अख्ख्या अर्काऐवजी केवळ बॅकोसाइड दिले, तरीही उंदरांच्या शिकण्यात सुधारणा दिसली. म्हणजे रसायनशास्त्रज्ञांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वेगळे काढून ठेवलेल्या द्रव्यात अर्काच्या गुणाचा काही अंश तरी आहे, असा दुवा जुळला.

या कामातून पुढे ठराविक प्रमाणाचा अर्क तयार करण्यात आला. त्यात बॅकोसाइडांचे प्रमाण शेकडा ५५च्या आसपास, पाच अंश इकडे किंवा तिकडे, राखले जाते. पाल्याचे औषध करताना ही गोष्ट फार मोलाची आहे. पावसाळ्यात खुडलेला पाला आणि उन्हाळ्यात खुडलेला पाला यांत अंतर पडते. एका ओढ्याचा पाला दुसऱ्या ओढ्याच्या पाल्यासारखा नसतो. प्रमाण बांधून दिल्यावाचून एका ठिकाणचा प्रयोग दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहता येत नाही.

आणि तो ताडून पाहिला गेला, तोही दूर ऑस्ट्रेलियात. लखनौच्याच अर्कावर २००१ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात ३८ निरोगी माणसांना ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली आणि दोन तासांनी त्यांची परीक्षा घेतली. काहीही फरक पडला नाही. वार्षिक परीक्षेच्या सकाळी मुलाला ब्राह्मीची गोळी देणाऱ्या पालकांनी हा निकाल ध्यानात घ्यावा. दुसऱ्यात ४६ जणांना तोच अर्क बारा आठवडे रोज दिला. तेव्हा मात्र शिकण्याचा वेग व नव्या माहितीचे मुरणे यांत फरक दिसला, आणि तो बाराव्या आठवड्याच्या अखेरीस सर्वांत ठळक होता. २००२ साली त्याच देशातील वोलोंगाँग येथे चाळीस ते पासष्ट वयाच्या ७६ माणसांवर तीन महिने प्रयोग झाला. त्यात शिकण्याचा वेग वाढलेला दिसला नाही. पण नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग कमी झालेला दिसला. २००८ साली अमेरिकेत पासष्टांहून अधिक वयाच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या ५४ वृद्धांवर झालेल्या प्रयोगातही थोड्या वेळाने आठवण्याच्या परीक्षेत सुधारणा आढळली. काहींना पोटाचा त्रासही झाला. या प्रयोगांत निम्म्या लोकांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात, आणि कोणाला कोणती गोळी मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते व देणाऱ्यालाही नसते. हे बंधन नसेल तर आपली आशाच आपली परीक्षक होऊन बसते.

येथवर ऐकून कोणालाही वाटेल की मग अल्झायमरवर ब्राह्मी का देऊ नये? नेमक्या याच ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. वर सांगितलेली सारी माणसे निरोगी होती आणि सारे उंदीरही निरोगी होते. निरोगी मेंदूत आठवण थोडी अधिक टिकणे ही एक गोष्ट झाली. ज्या मेंदूत पेशीच मरू लागल्या आहेत, तेथे त्यांचे मरण थोपवणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. विहिरीवरच्या रहाटाला तेल घातल्याने पाणी सहज वर येते. पण विहीरच आटत चालली असेल, तर तेलाचा उपयोग मर्यादित राहणार. आधुनिक वैद्यकातील औषधांचीही गत काही अंशी अशीच आहे. १९७६ साली असे आढळले की या रोग्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्याची निर्मिती खालावते. त्या द्रव्याचा नाश रोखणारी औषधे १९९०च्या दशकात बाजारात आली. डोनेपेझिल हे त्यांतील आज सर्वांत परिचित. त्यांनी काही काळ लक्षणे सावरतात. रोग आपल्या वाटेने जातच राहतो. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब ॲमिलॉइडचे साके काढून टाकते आणि रोगाची गती थोडी मंदावते. परंतु मेंदूला सूज येणे किंवा रक्तस्राव होणे हे धोके त्याच्या पाठीशी आहेत.

ब्राह्मीच्या बाजूने बोलणारा पुरावा नाही असे नव्हे. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. म्हणून मानवी रोगातील सदोष जनुके घालून तशा जातीचे उंदीर तयार केले जातात. २००६ साली अशा उंदरांना ब्राह्मीचा अर्क दिल्यावर त्यांच्या मेंदूतील ॲमिलॉइड कमी झाल्याचे आढळले. निष्कर्ष उत्साहवर्धक होता खरा. पण अशा उंदरांना बरे करणारी आणि माणसांपुढे हात टेकणारी द्रव्ये या क्षेत्रात ढिगाने पडून आहेत.

प्रत्यक्ष रोग्यांवरची एक चांगली चाचणी चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत झाली व २०२० साली प्रसिद्ध झाली. अल्झायमरच्या किंवा त्याच्या अलीकडच्या सौम्य स्मृतिदोषाच्या रोग्यांना एका गटात ब्राह्मीचा ३०० मिलिग्रॅम अर्क आणि दुसऱ्या गटात डोनेपेझिल असे बारा महिने दिले गेले. अखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. "म्हणजे ब्राह्मी विलायती औषधाइतकीच गुणकारी!" असे वृत्तपत्री मथळे यावर सहज बांधता येतात. परंतु चाचणीत रोगी होते अवघे ४८. इतक्या थोड्या माणसांत फरक असला तरी तो दिसेलच असे नाही; आणि औषध नसलेल्या गोळीचा तिसरा गट तेथे नव्हता, त्यामुळे दोन्ही औषधे सारखीच उपयोगी पडली की सारखीच निरुपयोगी ठरली, हेही सांगता येत नाही. अधिक मोठी चाचणी व्हावी, असेच त्या संशोधकांनीही म्हटले. सरकारी कचेरीत "अधिक चौकशी आवश्यक" हा शेरा पुष्कळदा काम पुढे ढकलण्यासाठी मारला जातो. येथे तो अक्षरशः खरा आहे.

रसायनाच्या बाजूनेही एक धक्का बसला. २००४ साली भारतीय संशोधकांनीच दाखवून दिले की बॅकोसाइड 'अ' म्हणून ज्याला एक द्रव्य समजत होते ते वस्तुतः निदान चार द्रव्यांचे मिश्रण आहे, आणि बॅकोसाइड 'ब' तर बहुधा वेगळे करण्याच्या खटपटीत तयार झालेले असावे. १९६०च्या दशकातील साधनांनी यापेक्षा बारीक निवड करणे शक्य नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे चटर्जी व रस्तोगी यांना दोष देता येत नाही. मात्र बाजारातील बाटल्यांवर 'बॅकोसाइड इतके टक्के' असे छापलेले असते, ते मोजमाप कोणत्या पद्धतीने केले हे त्यावर बहुधा लिहिलेले नसते. आणि दोन पद्धतींनी एकाच अर्काचे आकडे निराळे येऊ शकतात.

सिंग यांच्या कामाचे माप मला या पार्श्वभूमीवर घ्यावेसे वाटते. त्यांनी अल्झायमरवर औषध शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी केले ते असे: "ब्राह्मी बुद्धी देते" या वाक्याचे, खोटे ठरू शकेल अशा प्रश्नात रूपांतर केले. कोणती ब्राह्मी, कोणत्या द्रावकात काढलेली, किती दिवस, शिकण्यासाठी की टिकण्यासाठी, कोणाच्या तुलनेत? श्रद्धेने सांगितलेले वाक्य कधीच खोटे ठरत नाही, आणि म्हणूनच ते औषध म्हणून कधी सिद्धही होत नाही. लखनौला ते प्रथम पणाला लावले गेले. मेलबर्नला एका मात्रेचा प्रयोग फसला, तोही याच कामाचा भाग मानला पाहिजे.

दरम्यान रोग थांबून राहिलेला नाही. देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्यातील सर्वांत मोठे कारण. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबई-पुण्यातही मोठ्या रुग्णालयांतून स्मृतिचिकित्सेचे बाह्यरुग्ण विभाग चालतात. तेथे गेल्यावर प्रथम रक्त तपासतात. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि खोल औदासीन्य ही तिन्ही माणसाला विसराळू करतात, वरवर पाहता अल्झायमरसारखीच दिसतात, आणि तिन्हींवर उपचार आहेत. ब-१२ची उणीव तर शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते. अशा रोग्याला सहा महिने ब्राह्मीवर ठेवले, तर ब्राह्मीने अपाय होईलच असे नाही. पण ते सहा महिने मात्र गेले. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी, आणि घरात जी कोणती बाटली किंवा चूर्ण चालू असेल ते डॉक्टरांना दाखवावे, पुडीवरचे वनस्पतीचे नाव वाचता येईल अशा रीतीने.